वीसला बरोबर, दोनला चूक: सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या एका सिम्युलेशनची तपासणी

सोन्याच्या जाड, सपाट तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत काटकोनात सोडला, तर त्यातले किती इलेक्ट्रॉन त्याच पृष्ठभागातून पुन्हा बाहेर पडतात? झोताची ऊर्जा २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे केईव्ही) असेल तर उत्तर आहे जवळपास निम्मे. सिलिकॉनमध्ये हे प्रमाण पाचात एक इतकं उतरतं, कार्बनमध्ये शंभरात सहा-सात. माघारी फिरणाऱ्यांच्या या प्रमाणाला बॅकस्कॅटर गुणांक म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बॅकस्कॅटर चित्रात जड मूलद्रव्यं उजळ आणि हलकी काळपट दिसतात, ती याच गुणांकामुळे.

हा एकच आकडा काढणारा माँटे कार्लो प्रोग्राम, म्हणजे यदृच्छ (रँडम) आकडे वापरून एकेका इलेक्ट्रॉनचा प्रवास रचणारा प्रोग्राम, मी लिहिला होता. सोन्यासाठी २० आणि ३० केईव्हीला तो छापील मोजमापांशी छान जुळला. मग मला कमी ऊर्जेचा झोत हवा होता, कारण पातळ थर आणि पृष्ठभागाचे बारकावे बघायचे तर इलेक्ट्रॉन फार खोल जाऊन चालत नाहीत. मी इनपुटमध्ये २० च्या जागी २ लिहिलं. प्रोग्राम अडकला. काही इलेक्ट्रॉन झटपट संपायचे, आणि एखादा असा निघायचा की तासन् तास फिरतच राहायचा. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या पावलांवर (एका धडकेपासून पुढच्या धडकेपर्यंत एक पाऊल) मर्यादा घातल्यावर प्रोग्राम संपू लागला, पण गुणांक २० केईव्हीपेक्षाही वर गेला. प्रत्यक्षात सुमारे ५ केईव्हीच्या खाली सोन्याचा गुणांक उतरू लागतो. माझा आकडा नेमका उलट्या दिशेने चालला होता.

एका आकड्यातली ही चूक एकच असेल असं मला वाटलं होतं. ती तीन निघाली, आणि तिन्ही २० केईव्हीला दडून बसलेल्या होत्या.

प्रोग्राम काय करत होता

इलेक्ट्रॉन घन पदार्थात शिरला की त्याच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात. अणुकेंद्राच्या विद्युतक्षेत्रामुळे त्याची दिशा वळते, पण ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते. हे स्थितिस्थापक प्रकीर्णन. दुसरीकडे, पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना ढकलताना त्याची ऊर्जा खर्च होत जाते. माझ्या प्रोग्रामने या दोहोंची सरळ वाटणी केली होती: दिशा फक्त अणुकेंद्रं बदलणार, आणि ऊर्जा वाटेवर सलग गळत राहणार.

एका धडकेपासून पुढच्या धडकेपर्यंतचं अंतर यदृच्छ आकड्यावरून ठरतं. सरासरी मुक्त मार्ग, म्हणजे दोन धडकांमधलं सरासरी अंतर, घ्यायचा, शून्य ते एक यांमधला एक यदृच्छ आकडा घ्यायचा, त्याच्या लघुगणकाचं चिन्ह बदलून दोन्हींचा गुणाकार करायचा. मग दुसऱ्या यदृच्छ आकड्यावरून वळण्याचा कोन, तिसऱ्यावरून त्या वळणाची फिरकी, आणि चाललेल्या अंतरापुरती ऊर्जा वजा. इलेक्ट्रॉन पृष्ठभागाच्या वर आला तर तो माघारी फिरला असं मोजायचं. ऊर्जा ठरवलेल्या किमान मर्यादेखाली गेली तर तो पदार्थात विसावला असं धरायचं. असे हजारो इलेक्ट्रॉन.

मुक्त मार्ग आणि कोन यांसाठी मी रदरफोर्डचं झाकलेलं सूत्र वापरलं होतं. अणूतले इलेक्ट्रॉन केंद्राचा प्रभार काहीसा झाकतात, त्याची दुरुस्ती केलेलं हे रूप आहे. ऊर्जेच्या गळतीसाठी बेथेचं १९३० चं सूत्र. पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा भेटणारी जोडी हीच, आणि एका रात्रीत चालू होणारीही हीच.

आकडे हातांनी काढून बघायची सवय मी या प्रकरणात स्वतःला लावली, म्हणून ते इथे देते. २० केईव्हीला सोन्यात सरासरी मुक्त मार्ग सुमारे २ नॅनोमीटर येतो, सिलिकॉनमध्ये सुमारे २४. ऊर्जेची गळती सोन्यात दर नॅनोमीटरला साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट. कानाया आणि ओकायामा यांच्या सूत्राने सोन्यातला पल्ला, म्हणजे विसावण्याआधी इलेक्ट्रॉन जिथवर पोहोचू शकतो ते अंतर, सुमारे ०.८६ मायक्रोमीटर निघतो. म्हणजे विसावण्याआधी इलेक्ट्रॉनच्या शेकडो धडका होतात.

आधी ज्यांच्यावर संशय गेला

पहिला संशय नेहमीसारखा संख्येवर गेला: इलेक्ट्रॉन कमी पडले असतील. इथे हिशेब सोपा आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकतर माघारी फिरतो किंवा फिरत नाही, म्हणजे हे नाणं उडवण्यासारखंच. गुणांक ०.५ च्या आसपास असेल तर १०,००० इलेक्ट्रॉनांनंतर अनिश्चितता साधारण ०.००५ उरते, १०,००,००० नंतर ०.०००५. मी शंभरपट इलेक्ट्रॉन सोडले. आकडा आणखी स्थिर झाला आणि होता तिथेच, चुकीच्या जागी, राहिला. कमी झाले ते फक्त नशिबाचे हेलकावे. सूत्रच चुकीचं असेल तर जास्त इलेक्ट्रॉन चुकीच्या उत्तराला आणखी दशांश स्थळं जोडतात, आणि तो स्थिर आकडा बघून खात्री वाटू लागते हा खरा धोका.

मग भूमिती तपासली. दिशा फिरवण्याच्या नेहमीच्या सूत्रात एक भागाकार असतो, आणि इलेक्ट्रॉन अक्षाला अगदी समांतर चालत असेल तेव्हा त्यातला भाजक शून्य होतो. काटकोनात सोडलेल्या झोताचा प्रत्येक इलेक्ट्रॉन पहिल्या पावलाला याच स्थितीत असतो, म्हणून ती स्थिती वेगळी हाताळावी लागते. माझ्याकडे ती हाताळलेली होती. यदृच्छ आकडा नेमका शून्य आला तर लघुगणक अनंताकडे जातो, तेही झाकलेलं होतं.

शेवटी ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं अशा दोन चाचण्या केल्या. प्रकीर्णन बंद ठेवलं तर एकही इलेक्ट्रॉन परत येता कामा नये. ऊर्जेची गळती बंद ठेवून प्रकीर्णन चालू ठेवलं, तर अनंत जाडीच्या तुकड्यातून सगळे इलेक्ट्रॉन कधी ना कधी बाहेर आलेच पाहिजेत. अर्ध्या अवकाशात भटकणारा पादचारी शेवटी सीमेवर पोहोचतोच, फक्त त्याला किती वेळ लागेल याला मर्यादा नसते. ही दुसरी चाचणी चालवताना मला तेच दिसलं जे २ केईव्हीला दिसलं होतं: बरेच झटपट परततात, आणि काही फिरतच राहतात. माझ्या २ केईव्हीच्या प्रयोगात ऊर्जेची गळती कुठेतरी बंद पडत होती.

पहिली चूक: न मरणारे इलेक्ट्रॉन

बेथेच्या सूत्रात एक लघुगणक आहे. त्याच्या आत इलेक्ट्रॉनची ऊर्जा १.१६६ ने गुणून पदार्थाच्या सरासरी उत्तेजन ऊर्जेने (त्यातल्या इलेक्ट्रॉनांना हलवायला सरासरीने लागणाऱ्या ऊर्जेने) भागलेली असते. सोन्यासाठी ही उत्तेजन ऊर्जा, बर्जर आणि सेल्टझर यांच्या सूत्रानुसार, सुमारे ७९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आता इलेक्ट्रॉनची ऊर्जा ६८३ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आली की लघुगणकाच्या आत नेमका एक येतो, लघुगणक शून्य होतो आणि गळती थांबते. त्याखाली चिन्हच उलटतं: सूत्राप्रमाणे इलेक्ट्रॉन पदार्थातून जाताना ऊर्जा कमावू लागतो.

म्हणजे ६८३ हा आकडा एखाद्या खळग्यासारखा आहे. वरून येणारा इलेक्ट्रॉन त्याच्याकडे हळूहळू उतरतो, चुकून खाली गेलेला वर ढकलला जातो. त्या खळग्यात शिरलेला इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता भटकत राहतो आणि शेवटी पृष्ठभाग गाठून 'माघारी फिरला' म्हणून मोजला जातो. गुणांक वर का जात होता याचा उलगडा इथे झाला. पावलांची मर्यादा वाढवली की गुणांकही वाढायचा, तेही याचमुळे. अशा भटकंतीत अजून आत असलेल्यांची संख्या पावलांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते; ती निम्मी करायला चौपट पावलं लागतात. प्रोग्राम संपत नव्हता त्याचं कारण हेच.

मग २० केईव्हीला हे का दिसलं नाही? मी किमान मर्यादा 'सुरुवातीच्या ऊर्जेच्या ५ टक्के' अशी ठेवली होती. २० केईव्हीला ती १ केईव्ही येते, खळग्याच्या बरीच वर. इलेक्ट्रॉन तिथे पोहोचण्याआधीच विसावलेला धरला जायचा. २ केईव्हीला तीच मर्यादा १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट झाली, खळग्याच्या खूप खाली, जिथे कुणीच पोहोचू शकत नव्हतं. कोडमधली एक निरुपद्रवी दिसणारी टक्केवारी. ती लिहिताना मला ती शहाणपणाचीच वाटली होती.

खरं तर बेथेचं सूत्र याच्याही बरंच आधी ढासळतं. त्यामागच्या गृहीतकांना इलेक्ट्रॉनची ऊर्जा उत्तेजन ऊर्जेच्या सहापटीहून जास्त लागते. सोन्यासाठी हा उंबरठा ५ केईव्हीच्या आसपास येतो. २ केईव्हीला मी हे सूत्र पहिल्या पावलापासूनच त्याच्या हद्दीबाहेर वापरत होते.

उपाय माहीत असलेला आहे. जॉय आणि लुओ यांनी १९८९ मध्ये उत्तेजन ऊर्जा स्थिर न ठेवता ती इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेबरोबर कमी होऊ दिली. इलेक्ट्रॉन मंदावला की आतल्या, घट्ट बांधलेल्या कवचांना तो हलवू शकत नाही, म्हणून सरासरीत त्यांचा वाटा घटायला हवा. सूत्रात यामुळे एकच नवा स्थिरांक येतो, सोन्यासाठी तो साधारण ०.८५. त्याला १.१६६ ने गुणलं तर ०.९९ येतं, म्हणजे ऊर्जा कितीही खाली गेली तरी लघुगणकाच्या आतली किंमत एकच्या जवळ राहते आणि ५० इलेक्ट्रॉनव्होल्टलाही गळती धनच असते. खळगा उरत नाही. परिणाम ऊर्जेनुसार किती बदलतो ते बघण्यासारखं आहे: २० केईव्हीला गळतीत १ टक्क्याचा फरक, २ केईव्हीला २७ टक्के (दर नॅनोमीटरला ३३ ऐवजी ४१ इलेक्ट्रॉनव्होल्ट), आणि १ केईव्हीला जवळजवळ २.४ पट. २० केईव्हीला केलेली कोणतीही तपासणी या दोन सूत्रांत फरकच करू शकली नसती.

किमान मर्यादा आता सरळ ५० इलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवली. प्रयोगशाळेतही ५० च्या वरच्या ऊर्जेने बाहेर पडणाऱ्यांनाच बॅकस्कॅटर म्हणतात, त्याखालचे दुय्यम इलेक्ट्रॉन धरतात. तुलना करायची तर दोन्हीकडे व्याख्या एकच हवी.

दुसरी चूक: अणूंमधल्या अंतराहून लहान पाऊल

प्रोग्राम आता झटपट संपू लागला आणि गुणांक खाली आला. पण तो २० केईव्हीच्या उत्तराजवळच थांबला. मोजमापांतला उतार अजून दिसत नव्हता.

इथे मी दोन दिवस वाया घालवले, कारण मी आलेख बघत होते आणि आकडे बघत नव्हते. शेवटी २ केईव्हीचा मुक्त मार्ग छापून पाहिला: ०.२२ नॅनोमीटर. सोन्याच्या स्फटिकात शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.२८८ नॅनोमीटर असतं. प्रोग्रामच्या मते इलेक्ट्रॉन एका अणूपासून पुढच्या अणूपर्यंत पोहोचायच्या आतच सरासरीने पुन्हा धडकत होता. १ केईव्हीला तर हे पाऊल ०.११ नॅनोमीटरवर येतं. सूत्र त्याच्या हद्दीबाहेर गेल्याचा याहून स्पष्ट इशारा मला दुसरा माहीत नाही, आणि तो प्रत्येक वेळी माझ्याच संगणकात पडून होता.

रदरफोर्डचं झाकलेलं सूत्र बॉर्नच्या अंदाजावर उभं आहे. अणूचं क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या लहरीला किंचितच बिघडवतं, असं तो अंदाज मानतो. ते खरं असायचं तर अणुक्रमांक भागिले १३७ ही संख्या, प्रकाशवेगाच्या तुलनेतल्या इलेक्ट्रॉनच्या वेगाहून बरीच लहान असावी लागते. सोन्यासाठी ७९ भागिले १३७ म्हणजे ०.५८. २ केईव्हीच्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगाच्या ०.०९ पट. अट पूर्ण उलटी झालेली. आणि २० केईव्हीलाही तो वेग फक्त ०.२७ पट आहे! म्हणजे सोन्यासाठी ही अट माझ्या 'जुळलेल्या' उत्तरातही पाळली जात नव्हती. सिलिकॉनला २० केईव्हीला ती बऱ्यापैकी पाळली जाते, तिथे अणुक्रमांक भागिले १३७ ही संख्या ०.१० आहे.

मग २० ला उत्तर जुळलं कसं? शेकडो धडकांनंतर एकेका वळणाचा तपशील पुसला जातो. उरते ती एक लांबी: किती अंतर चालल्यावर इलेक्ट्रॉन आपली मूळ दिशा विसरतो. कोनांच्या वाटणीत चुका असल्या तरी ही लांबी ठीकठाक आली की गुणांकही ठीकठाक येतो. माझ्या सूत्रांतून ही विसराळूपणाची लांबी २० केईव्हीला सुमारे ६७ नॅनोमीटर निघते, २ केईव्हीला सुमारे १.३. पल्ला २० केईव्हीला सुमारे ८६० नॅनोमीटर, २ केईव्हीला सुमारे १८. आता भागाकार करून पाहा: एकीकडे १३, दुसरीकडे १४. ऊर्जा दहापट खाली आली तरी पल्ल्यात विसरण्याच्या लांब्या तितक्याच मावतात, म्हणून रदरफोर्डच्या सूत्राने सोन्याचा गुणांक ऊर्जेबरोबर फारसा बदलूच शकत नाही. उतार माझ्या कोडमधून निसटला नव्हता; त्या सूत्रात तो मुळातच नव्हता. मला हा भागाकार या सगळ्या प्रकरणातला सर्वांत समाधान देणारा क्षण वाटतो. लाखो इलेक्ट्रॉन सोडून जे कळत नव्हतं ते चार आकड्यांनी सांगितलं.

योग्य मार्ग म्हणजे मॉटचं प्रकीर्णन. नेव्हिल मॉट यांनी १९२९ मध्ये डिरॅकच्या समीकरणातून (इलेक्ट्रॉनच्या सापेक्षतावादी क्वांटम समीकरणातून) ते मांडलं: अणूचं खरं क्षेत्र घ्यायचं आणि इलेक्ट्रॉनची लहर त्यातून कशी वळते ते अंदाज न करता सोडवायचं. छोट्या सूत्रात ते मावत नाही, म्हणून तयार तक्ते वापरतात. अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेचा आकडेसंग्रह आणि एल्सेपा हा प्रोग्राम त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सोन्यात कमी ऊर्जेला मॉटची कोनीय वाटणी रदरफोर्डसारखी गुळगुळीत उतरत नाही. तिच्यात खाचा आणि उंचवटे असतात, कारण लहरीचे अणूच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले हिस्से काही कोनांत एकमेकांना खोडून काढतात आणि काही कोनांत भर घालतात. एकूण प्रकीर्णन मात्र कमी असतं, दिशा विसरायला लागणारं अंतर वाढतं, आणि त्यामुळे २ केईव्हीचा इलेक्ट्रॉन माघारी वळण्याआधी तुलनेने जास्त खोल जातो आणि तिथेच ऊर्जा संपवतो. गुणांक उतरला. मोजमापांतला उतार पहिल्यांदाच माझ्या आलेखावर दिसला.

तक्ते बसवताना एका ठिकाणी काळजी लागते. ऊर्जेच्या दोन ओळींच्या मधली किंमत काढताना लघुगणकावर काढावी, सरळ रेषेवर नाही. आणि कोनांची जाळी पुढच्या दिशेला दाट हवी: रदरफोर्डच्याच हिशेबाने २० केईव्हीला सोन्यातली निम्मी वळणं ६.४ अंशांच्या आत असतात, २ केईव्हीला ती मर्यादा २० अंशांपर्यंत रुंदावते.

तिसरी गोष्ट: तुलना कशाशी करतोय

तिसरी चूक प्रोग्राममध्ये नव्हती. मी छापील मोजमापांतला एकच संच सत्य मानून त्याच्याशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळवायला निघाले होते. कमी ऊर्जेची मोजमापं आपापसात लक्षणीय वेगळी आहेत. डेव्हिड जॉय यांनी अनेक दशकांची अशी मोजमापं एकत्र केली, आणि ती शेजारी ठेवली की हा विस्कळीतपणा डोळ्यांत भरतो.

एक मोठं कारण पृष्ठभागावरची घाण. झोताखाली नमुन्यावर कार्बनचा पातळ थर साचत जातो. २० केईव्हीच्या इलेक्ट्रॉनला काही नॅनोमीटर कार्बन जाणवतही नाही, पण ज्याचा सोन्यातला पूर्ण पल्लाच १८ नॅनोमीटर आहे त्याच्यासाठी तो थर प्रवासाचा मोठा भाग ठरतो, आणि कार्बनचा स्वतःचा गुणांक सोन्याहून फार कमी. म्हणून मी सोन्यावर कार्बनचा थर ठेवून तीच गणितं पुन्हा केली. थराच्या सीमेवर पाऊल तोडून नव्या पदार्थाच्या मुक्त मार्गाने नवं पाऊल काढायचं. लघुगणकावरून काढलेल्या पावलांच्या घातांकी वाटणीला आधीचं चाललेलं अंतर आठवत नाही, त्यामुळे असं तोडणं गणितात पूर्ण वैध आहे. थर जाड करत गेलं की गुणांक खाली सरकत जातो. स्वच्छ सोन्याचं सिम्युलेशन आणि न सांगितलेल्या जाडीचा कार्बन असलेलं मोजमाप दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलं असतं, तर तो योगायोगच ठरला असता.

अजून काय अपुरं आहे

ऊर्जा सलग गळते हे गृहीतक मी तसंच ठेवलं आहे, आणि २ केईव्हीला ते ताणलं जातं. ऊर्जा खर्च होणाऱ्या दोन धडकांमधलं अंतर या ऊर्जेला सोन्यात दोन ते अडीच नॅनोमीटर असतं, आणि गळती दर नॅनोमीटरला ४१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे सरासरीने एका धडकेत शंभरेक इलेक्ट्रॉनव्होल्ट जातात आणि सगळा प्रवास वीसेक धडकांत संपतो. इतक्या थोड्या धडकांची सलग घसरण बनवली की काही इलेक्ट्रॉन अजिबात ऊर्जा न गमावता परततात ही गोष्टच चित्रातून जाते. गुणांकासाठी हे मी चालवून घेतलं. परतणाऱ्यांच्या ऊर्जेचा आलेख हवा असेल तर चालणार नाही; तिथे प्रत्येक धडक वेगळी काढावी लागेल, आणि त्यासाठी पदार्थाचे प्रकाशीय गुणधर्म लागतील.

प्रोग्राममध्ये एक बदल मात्र मी लगेच केला. एकही इलेक्ट्रॉन सोडण्याआधी तो आता निवडलेल्या सूत्रांचा मुक्त मार्ग शेजारच्या अणूंमधल्या अंतराशेजारी छापतो, किमान मर्यादेवर गळतीचं चिन्ह तपासतो, आणि पल्ल्यात विसरण्याच्या किती लांब्या मावतात तेही सांगतो. २ केईव्ही, सोनं आणि रदरफोर्ड अशी निवड केली की तो पहिल्याच ओळीवर थांबतो.